इन्स्पेक्टर मुंगसे आणि अर्धा कप

अरुणाताई कारखानीस यांनी आजवर नऊ देशांतले चोर पकडले होते, आणि त्यांचा पासपोर्ट अजून निघायचा होता.

हे चोर त्या दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून पकडत. त्या कामावर त्यांनी एक मुंगूस नेमलं होतं. इन्स्पेक्टर मुंगसे. खाकी रंग जन्मापासूनच अंगावर, त्यामुळे वर्दी शिवण्याचा प्रश्न नव्हता. दर पुस्तकात मुंगसे नव्या देशात जायचे, तिथल्या प्राण्यांत मिसळायचे, चोर शोधायचे, आणि त्या धावपळीत वाचणाऱ्या पोरांना तिथलं खाणंपिणं, रीतिरिवाज, सणवार असं सगळं आपोआप कळून जायचं. मुंगूस दिसलं की आपली पोरं 'तोंड दाखव, तोंड दाखव' म्हणून त्याला शपथा घालतात. अरुणाताईंनी त्यातूनच एक नियम काढला. अख्ख्या पुस्तकात चित्रांतून मुंगशांची पाठ आणि शेपूटच दिसणार. शेवटच्या पानावर ते मागे वळून तोंड दाखवतील, आणि तोंड दाखवलं की चोर सापडला. सांगलीपासून नागपूरपर्यंत मुलं शेवटचं पान आधी उघडायची नाहीत, एवढा त्या नियमाचा दरारा होता.

"तुम्ही इतके देश कधी हिंडलात हो?" असं कोणी विचारलं की अरुणाताई मान ताठ करून सांगायच्या, "देश बघायला विमान लागत नाही. माणूस लागतो."

आणि दिल्लीत माणसांना काय तोटा? वकिलातींतले लोक, विद्यापीठांत शिकायला आलेली मुलं, औषधोपचारासाठी आलेली कुटुंबं. एका मंत्रालयात चौतीस वर्षं फायली हाताळलेल्या अरुणाताईंची कामाची पद्धत ठरलेली होती. त्यांनी एक प्रपत्र तयार केलं होतं. एक्केचाळीस प्रश्न. प्रश्न सतरा, पाहुणा आल्यावर प्रथम काय देतात? प्रश्न बावीस, मुलं खोटं बोलली तर मोठी माणसं काय म्हणतात? त्या देशाचा माणूस गाठायचा, समोर बसून प्रपत्र भरायचं, आभार मानायचे आणि उठायचं. पाऊण तासात देश खिशात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या म्हणायच्या, "तिथे जाऊन आलेले लोक मॉल बघून येतात. मी माणसाच्या स्वयंपाकघरात शिरते."

या दौऱ्यांवर भालचंद्रराव नेहमी बरोबर असत. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. कुठल्या स्टेशनला कुठल्या बाजूने उतरायचं, कुठे लाइन बदलायची, सगळं त्यांना तोंडपाठ. पिशवी त्यांच्या खांद्याला, पाण्याची बाटली त्यांच्याकडे. घर आलं की ते म्हणायचे, "तू जा वर. मी आहे खाली." मग ते एखाद्या चहाच्या टपरीजवळ, रसवाल्याच्या बाकावर नाहीतर नुसते जिन्याच्या पायरीवर बसत. नऊ देशांच्या घरांखाली ते असे बसले होते. अरुणाताईंना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. खरं तर त्यांना त्यात काहीच वाटलं नव्हतं.

सोमवारी पुण्याहून परीक्षितचा फोन आला. परीक्षित म्हणजे त्यांचा संपादक. जुने प्रकाशक गेल्यावर त्यांच्या या पुतण्याने आयटीतली नोकरी सोडून धंदा हाती घेतला होता.

"अरुणाताई, इथिओपियाचं स्क्रिप्ट वाचलं. मस्त आहे. पण एक स्पष्ट बोलू?"

"बोल की. अस्पष्ट कधी बोललायस?"

"हल्लीचे पालक विचारतात, लेखिका तिथे गेली होती का? मुलं सगळं मोबाइलवर तपासतात. आमच्याकडे एक मुलगी आली आहे, बत्तीस देश फिरलेली, स्वतःचे व्हिडिओ आहेत. ती म्हणते, मुंगसे मी पुढे नेते."

अरुणाताईंच्या हातातला पेन टेबलावर आपटला. "मुंगसे माझा आहे, परीक्षित."

"लिहिता तुम्ही, ताई. पण काकांनी केलेल्या करारात मुंगसे आपल्या प्रकाशनाचा आहे." त्याचा आवाज खाली आला. वाईट त्यालाही वाटत होतं. "मी शुक्रवारी पुस्तक मेळ्यासाठी दिल्लीत येतोय. तोवर एक करा. हे पुस्तक इथिओपियाच्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवा. तो माझ्यासमोर म्हणाला की हो, हे आमचंच घर आहे, तर पुढची सगळी पुस्तकं तुमची. नाहीतर मला त्या मुलीला हो म्हणावं लागेल."

"ऐकवते. मान काय, शेपूट हलवेल तो."

फोन ठेवून त्या भालचंद्ररावांना म्हणाल्या, "अहो, बुधवारी मुनिरकाला जायचंय. त्या हिवोतकडे."

"पिंक लाइनने आयएनए, मग यलोने हौज खास, तिथून मजेंटा," भालचंद्रराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

हिवोत गोंदर गावची. सहा वर्षांपूर्वी शिकायला दिल्लीत आली, आता पीएच.डी. करत होती आणि मुनिरकाच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहत होती. हिंदी फर्डं बोलायची. दोन महिन्यांपूर्वी अरुणाताईंनी प्रपत्र भरून घेतलं होतं ते तिच्याचकडे. त्या दिवशी तिने त्यांच्यासमोर कॉफीही केली होती. फरशीवर ताजं गवत अंथरलं, धूप लावला, हिरव्या बिया तव्यावर भाजल्या, भाजतानाचा धूर अरुणाताईंच्या नाकापाशी आणून दाखवला, बिया कुटल्या, आणि लांब मानेच्या काळ्या मातीच्या सुरईतून, तिला ते लोक जेबेना म्हणतात, बिनकानाच्या चिमुकल्या कपात कॉफी ओतली. बरोबर लाह्यांचा वाडगा. अरुणाताईंनी सगळं टिपून घेतलं. एक कप संपवला, नमस्कार केला आणि उठल्या. हिवोत काहीतरी म्हणत होती, पण अरुणाताईंचा दुसरा पाय तेव्हा चपलेत होता. "नहीं नहीं बेटा, बस. नीचे वो रुके हैं."

त्या एका कपावर अख्खं पुस्तक उभं होतं.

बुधवारी त्या गेल्या तेव्हा हिवोतने पुन्हा गवत अंथरलं होतं. बिया भाजायला घेतल्या आणि म्हणाली, "आंटी, आप सुनाइए. मैं हाथ से काम करूंगी, कान आपके पास."

अरुणाताईंनी चष्मा नीट केला आणि मराठीवरून हिंदीत करत, हातवाऱ्यांसकट गोष्ट सुरू केली.

डोंगरातलं एक गाव. तिथली म्हातारी जेलाडा माकडीण, सगळ्यांची आजी, कॉफीला गाव बोलावते. तरस येतो, रानबकरा येतो, कासव येतं, जाड चोचीचा डोमकावळा येतो. दिल्लीहून आलेले इन्स्पेक्टर मुंगसे पाहुणे. आजी भाजते, कुटते, ओतते. सगळे एकेक कप पितात, आभार मानून आपापल्या वाटेने जातात. आणि मग आजी आतल्या खोलीत जाते तो काय! पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली बियांची पिशवी गायब. चौघेही वेगवेगळ्या वेळी उठलेले, वेगवेगळ्या वाटांनी गेलेले. मग मुंगसे वास घेत, पावलं मोजत, एकेकाच्या घरी...

हिवोत हसायला लागली. आधी गालात, मग तवा खाली ठेवून.

"क्या हुआ?"

"आंटी, ये चोरी तो चौथे पन्ने पर ही पकड़ी जाएगी."

"कैसे?"

"एक कप पीकर कौन उठता है?" हिवोतने तीन बोटं वर केली. कॉफी तीनदा होते. त्याच चुऱ्यावर पुन्हा पाणी, पुन्हा उकळी. पहिला कप कडक, दुसरा मवाळ, तिसरा अगदी पातळ. तिसऱ्याला बरका म्हणतात, म्हणजे आशीर्वाद. तो घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. भांडण झालेले शेजारीसुद्धा तिसऱ्या कपापर्यंत एकमेकांकडे न बघता का होईना, पण बसून राहतात. पहिल्या कपानंतर जो उठेल त्याला अख्खा गाव विचारेल, बाबा रे, तुझं घर जळतंय का? "आपकी कहानी में तो सब उठ गए," ती म्हणाली. "ये हमारा गांव नहीं है, आंटी. ये आपका है."

अरुणाताईंना घाम फुटला. त्या माहेरच्या ठाण्याच्या. तिथून त्या दिल्लीत एक गोष्ट जपून घेऊन आल्या होत्या, ती म्हणजे कोणाच्या घरी 'नको नको, अर्धाच कप' म्हणणं. कोणाला त्रास द्यायचा नाही, ताटकळवायचं नाही, वेळेवर उठायचं. हाच शिष्टाचार त्यांनी गोंदरच्या तरसाला आणि कासवाला शिकवला होता. एक्केचाळीस प्रश्नांत पाहुण्याला प्रथम काय देतात हे होतं. पाहुण्याने केव्हा उठायचं, हे नव्हतं.

"त्या दिवशी तू मला हेच सांगत होतीस का?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"आप जूती पहन चुकी थीं," हिवोत म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

अरुणाताईंना शरम वाटली. अगदी मनापासून. नऊ देश त्यांना आठवले. नऊ घरं, नऊ फायली, आणि प्रत्येक घरातून पाऊण तासात काढलेला पाय. कोणी काहीतरी सांगायला तोंड उघडलं असेल आणि आपण आभार मानत जिना उतरलो असू. परवावर शुक्रवार आला होता आणि पुस्तकाचा पायाच ढासळला होता. बत्तीस देश फिरलेली ती मुलगी डोळ्यांपुढे आली. तिने निदान कॉफी तरी पुरती प्यायली असती.

त्यांनी कागद गोळा केले. "मला निघायला हवं. घरी जाऊन सगळं पुन्हा लिहायला हवं. खाली हे..."

"फिर से?" हिवोतने जेबेनावर हात ठेवला. "नीचे कौन है? हर बार नीचे कौन होता है?"

"माझे यजमान."

"तो ऊपर बुलाइए!"

हिवोत स्वतःच बाल्कनीत गेली, खाली वाकून बघितलं, आणि एकदम तोंडावर हात ठेवून आत आली. "आंटी, वो नीली टोपी वाले अंकल? वो आपके हैं?"

खाली मोबाइल रिचार्जच्या दुकानाजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर निळी लोकरीची टोपी घातलेले भालचंद्रराव शेंगदाणे खात बसले होते.

"मैंने तो पानी वाला समझा था," हिवोत म्हणाली.

मग कळलं ते असं. दोन महिन्यांपूर्वी अरुणाताई आत प्रश्न सतराची नोंद करत होत्या तेव्हा हिवोतचा वीस लिटरचा पाण्याचा कॅन खाली आला होता. पाणीवाल्याच्या पोटरीत गोळा आलेला, जिना अरुंद. भालचंद्ररावांनी कॅन खांद्यावर घेतला, तीन मजले चढून दाराशी ठेवला आणि बेल वाजवून पुन्हा जिना उतरायला लागले. हिवोतने दार उघडलं, पाठमोऱ्या निळ्या टोपीला 'थैंक यू भैया' म्हणाली आणि कॅन आत ओढला. त्याच पाण्याची कॉफी अरुणाताई प्यायल्या होत्या.

"हमारे यहां तीसरे कप से पहले किसी को जाने नहीं देते," हिवोत हळूच म्हणाली, "और जो पानी लाया, उसे मैंने अंदर भी नहीं बुलाया."

मग ती उठली आणि बाल्कनीतून त्यांना हाक मारली.

भालचंद्रराव वर आले, टोपी काढून हातात घेतली आणि दारातच उभे राहिले. "काय झालं? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे. बसा."

"मी खाली ठीक आहे गं. तिथे तो टपरीवाला..."

"अहो, बसा म्हणते ना."

ते बसले. गवताकडे बघून त्यांनी पाय जरा आखडून घेतले. हिवोतने सगळ्यांत मोठे म्हणून पहिला कप त्यांना दिला. दुसऱ्या कपाला ते मोकळे झाले. हिवोतच्या गावच्या रेल्वेची चौकशी केली, तिथे रेल्वे नाही हे ऐकून मनापासून हळहळले. आणि बोलता बोलता असं काही काही सांगायला लागले की अरुणाताई बघतच राहिल्या. लाजपत नगरच्या अफगाण घराखाली बसलेले असताना त्यांना तंदूरवाल्याने सांगितलं होतं, की नानाचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावतात. कोरियन बाईंच्या इमारतीखाली त्यांचा ड्रायव्हर म्हणाला होता, की मोठ्या माणसाला काही देताना एका हाताने द्यायचं नाही. एकाही पुस्तकात यातलं काही नव्हतं.

"मला कधी बोलला नाहीत हे!"

"तू खाली आलीस की लगेच मेट्रो गाठायची असायची. आणि तू कधी विचारलं नाहीस," भालचंद्रराव म्हणाले. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तसं सांगितलं.

तिसरा कप आला. रंग फिका, चव जवळजवळ पाण्याची. अरुणाताईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि संपेस्तोवर धरून ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्या मुंगशांच्या तोंडी नऊ पुस्तकांत निदान पाच वेळा घालून चुकल्या होत्या. तो कळसा त्यांच्या शेजारीच मांडी घालून लाह्या खात होता.

आणि मग कप खाली ठेवता ठेवता त्यांना चोर सापडला.

गुरुवारभर त्या लिहीत बसल्या. भालचंद्रराव दोनदा विचारायला आले, दोनदा त्यांना बाहेर घालवलं. "आज वाचायचं नाही. उद्या सगळ्यांबरोबर."

शुक्रवारी दुपारी परीक्षित आला, पाठीवर सॅक, गळ्यात पुस्तक मेळ्याचं कार्ड. हिवोत जेबेना टॉवेलात गुंडाळून मेट्रोने आली होती. तिने मयूर विहारच्या बैठकीत गवत अंथरलं, सोसायटीच्या माळ्याकडून मागून आणलेलं. परीक्षित सोफ्यावर बसून मोठ्याने वाचू लागला, आणि अरुणाताई हिवोतसाठी बारीक आवाजात हिंदी करत राहिल्या.

या वेळी आजीच्या अंगणात सगळे तिसऱ्या कपापर्यंत बसले होते. तरस बसला, बकरा बसला, कासव तर बसल्या जागी झोपलं. एकच पाहुणा पहिल्या कपानंतर उठला, 'नको नको, अर्धाच पुरे' म्हणत. दिल्लीहून आलेले इन्स्पेक्टर मुंगसे. मग पिशवी चोरीला गेल्यावर बोट कोणाकडे जाणार? गावाने मुंगशांनाच कोंबड्यांच्या खुराड्यात डांबलं.

परीक्षित थांबला. "मुंगसेच आरोपी? हे भारी आहे ताई. चोर सोडून संन्याशाला फाशी!" पान उलटता उलटता त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. "पण मग चोर कोण? बाकी सगळे तर बसलेत. एकही जागचा हललेला नाही."

"वाच पुढे."

खुराड्याच्या फटीतून मुंगसे अंगणाकडे बघत राहिले. आणि त्यांनी स्वतःला विचारलं, कॉफीला पाणी कोणी आणलं? गवत कोणी आणलं? लाकडं कोणी आणली? डोंगराखालच्या झऱ्यावरून रोज दोन घागरी पाठीवर घेऊन येणारं गाढव. ते कुंपणाबाहेर उभं होतं. त्याच्यासाठी कप मांडलेलाच नव्हता, म्हणून ते किती वाजता कुठे होतं हे कोणालाच सांगता येईना. पिशवी त्याच्या गवताखाली सापडली, एकही बी कमी न होता. 'मला कॉफी नको होती,' गाढव म्हणालं. 'पिशवी गेली की सगळ्यांना विचाराल, तू कुठे होतास? मला वाटलं, मलाही कोणीतरी विचारेल.' आजीने चूल पुन्हा पेटवली. नव्याने बिया भाजल्या, आणि एक कप जास्त मांडला. खुराड्यातून सुटलेले मुंगसे लगेच निघणार होते, पण निघाले नाहीत. तिसरा कप घेऊन मग त्यांनी मागे वळून तोंड दाखवलं.

परीक्षितने शेवटचं पान मांडीवर ठेवलं. मग त्याला आठवलं, की हिवोतला विचारायचं आहे. त्याने तिच्याकडे बघितलं.

"हां," हिवोत म्हणाली. "ये मेरी दादी का आंगन है." आणि डोळे पुसून तिने कॉफी ओतायला घेतली.

"मुंगसे तुमचाच, ताई," परीक्षित म्हणाला. "त्या मुलीला मी आजच कळवतो." त्याने पहिला कप घटाघट संपवला, घड्याळ बघितलं आणि सॅक उचलली. "चलो, मेळ्यात पाचला मीटिंग..."

"बस खाली!" अरुणाताई आणि हिवोत एकाच वेळी ओरडल्या. एक मराठीत, एक हिंदीत. परीक्षित सॅकसकट बसला.

या सगळ्यात भालचंद्रराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात लाह्यांचा वाडगा घेऊन. ते केव्हापासून उभे होते कोण जाणे. सवयीने त्यांनी कप तीनच काढून दिले होते. पाहुण्यांचे दोन, अरुणाताईंचा एक.

"अरुणा," ते म्हणाले, "ते गाढव म्हणजे मीच ना?"

अरुणाताई उत्तर तयार नसलेल्या बाई नव्हत्या. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला बिनउत्तराचं कधी ठेवलं नव्हतं. त्या उठल्या, काचेच्या कपाटातून चौथा कप काढला, पदराने पुसला आणि आपल्या शेजारच्या जागेसमोर ठेवला.

परीक्षितच्या डोक्यात आता वेगळंच चालू होतं. "ताई, ऐका ना. पुढच्या पुस्तकात मुंगशांबरोबर हे गाढव गेलं तर? जोडी. मुलांना नक्की आवडेल. जाईल का ते?"

"त्यालाच विचार," अरुणाताई म्हणाल्या.

भालचंद्ररावांनी गुडघे धरत सावकाश गवतावर बैठक मारली आणि लाह्यांचा वाडगा मधोमध ठेवला.

"जाईल की," ते म्हणाले. "पण आता ते खाली थांबणार नाही."